माजी सैनिकाचे निधन झाल्यावर : अंत्यविधी, मानवंदना, फॅमिली पेन्शन आणि आधीच तयार ठेवायचे कागद

सातारा : फौजेत माणूस नाही असे गाव आपल्या जिल्ह्यात शोधावे लागेल. अपशिंगे मिलिटरीचे तर नावच त्यावरून पडले आहे. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जवान कामी आले, त्याची आठवण गावात जपलेली आहे. कोरेगाव, खटाव, माण, पाटण, जावळी या तालुक्यांतही घराघरात एखादी काळी ट्रंक सापडते. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक आणि नाव लिहिलेले असते आणि आत डिस्चार्ज बुक, पीपीओ, मेडल, जुने फोटो असतात. बऱ्याच घरांत ही ट्रंक उघडायची माहिती एकट्या फौजी माणसालाच असते. तो गेला की घरचे त्या कागदांपुढे गोंधळून बसतात.

माजी सैनिक वारल्यावर पहिल्या दिवशी गाव धावून येते. हार, पुष्पचक्र, घोषणा, भाषणे सगळे होते. खरी धावपळ तेराव्यानंतर सुरू होते, आणि तेव्हा त्याची पत्नी बहुतेक एकटी असते. पेन्शन बंद झालेली असते, बँक दाखला मागते, दाखल्यावर नाव वेगळे निघते. हे हेलपाटे वाचावेत म्हणून पहिल्या तासापासून पुढच्या वर्षापर्यंत काय करायचे ते येथे क्रमाने दिले आहे.

निधनाची बातमी कोणाला कळवायची

सेवेत असलेल्या जवानाचा मृत्यू झाला तर घरच्यांना फार शोधाशोध करावी लागत नाही. युनिट आणि लष्करी ठाणे पार्थिव गावापर्यंत आणण्याची व्यवस्था करते, सोबत जवान येतात, जिल्हा प्रशासनाला निरोप जातो. निवृत्त सैनिकाच्या बाबतीत तसे नसते. त्याचे निधन झाल्याचे लष्कराला आपोआप कळत नाही, ते घरच्यांनीच कळवायचे असते.

पहिला फोन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला करावा. दुसरा तालुक्यातील माजी सैनिक संघटनेच्या पदाधिकाऱ्याला. फोनवर सैनिक क्रमांक, रँक, पूर्ण नाव, रेजिमेंट, निवृत्तीचे साल, शौर्यपदक असल्यास त्याचे नाव, अंत्यविधीची जागा आणि वेळ एवढे सांगितले की पुरते. सैनिक क्रमांक पाठ नसेल तर ओळखपत्रावर, पीपीओवर किंवा ट्रंकेवरच सापडतो. अंत्यविधी घाईने उरकायचा नसेल तर कार्यालयाशी बोलून मगच वेळ ठरवावी, म्हणजे येणाऱ्यांना पोहोचता येते.

निधन दवाखान्यात झाले असेल तर तेथून डॉक्टरांनी दिलेला मृत्यूच्या कारणाचा दाखला घेतल्याशिवाय निघू नये. गडबडीत हा कागद राहून जातो आणि नंतर त्यासाठी पुन्हा शहर गाठावे लागते.

मानवंदना कोणाला मिळते

या विषयावर गावोगावी गैरसमज आहेत. सेवेत असताना मृत्यू आला तर लष्करी इतमामात अंत्यसंस्कार होतात. जवान शस्त्रे उलटी धरून उभे राहतात, बिगुलावर 'लास्ट पोस्ट' वाजते, हवेत बंदुकीच्या फैरी झाडल्या जातात, आणि पार्थिवावरचा तिरंगा घडी करून पत्नीच्या किंवा आईवडिलांच्या हाती दिला जातो. काश्मीरमध्ये कुपवाडा भागात वीरमरण आलेले कर्नल संतोष महाडिक यांच्यावर नोव्हेंबर २०१५ मध्ये पोगरवाडीत असेच अंत्यसंस्कार झाले, ते जिल्ह्याने पाहिले आहे.

पेन्शनवर आलेल्या प्रत्येक सैनिकाला हाच मान आपोआप मिळतो असे मात्र नाही. शौर्यपदकविजेते किंवा वरिष्ठ पदावरून निवृत्त झालेले असतील तर जवळच्या लष्करी ठाण्याला ताबडतोब कळवावे. सलामीची तुकडी पाठवायची की नाही हा निर्णय लष्करी ठाण्याचा असतो. गावचे सरपंच, पोलीस पाटील किंवा पोलीस ठाणे तो घेऊ शकत नाही. इतरांच्या बाबतीत सैनिक कल्याण कार्यालयाच्या वतीने किंवा माजी सैनिक संघटनेच्या वतीने पुष्पचक्र वाहिले जाते. जुने सहकारी मेडल लावून, टोपी घालून येतात, सावधान उभे राहून सॅल्यूट करतात. यात कमीपणा काहीच नाही. ज्या माणसांबरोबर त्याने बर्फात आणि वाळवंटात दिवस काढले त्यांचाच तो सॅल्यूट असतो.

अमेरिकेत सरकारने माजी सैनिकांसाठी राष्ट्रीय दफनभूमी राखलेल्या आहेत. पात्र सैनिकाला तेथे जागा, नावाची शिळा, ध्वज आणि कबरीची कायमची देखभाल विनामूल्य मिळते, पत्नीला आणि लहान मुलांनाही शेजारी जागा मिळते. आपल्याकडे निवृत्त सैनिकांसाठी अशी देशपातळीवरची व्यवस्था नाही. दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ साली उभे राहिले, तेथे वीरमरण आलेल्यांची नावे कोरलेली आहेत. पुण्याजवळ खडकीला युद्ध दफनभूमी आहे, ती दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची. आपल्या निवृत्त फौजीचा शेवटचा मुक्काम गावच्या स्मशानभूमीत किंवा दफनभूमीतच असतो. म्हणून ती जागा, तिथला रस्ता, शेड आणि पाणी नीट असणे ही ग्रामपंचायतीची जबाबदारी सैनिकाच्या मानाशीही जोडलेली आहे.

तिरंग्याबाबत कायदा काय सांगतो

निवृत्त सैनिक वारला की उत्साही मंडळी दुकानातून तिरंगा आणून तिरडीवर पांघरतात. हेतू चांगला असतो, पण नियमात बसत नाही. शासकीय इतमाम, सैन्यदल किंवा निमलष्करी दलाचा अंत्यसंस्कार असेल तेव्हाच पार्थिवावर राष्ट्रध्वज पांघरता येतो. इतर वेळी असे करणे राष्ट्रीय प्रतिष्ठा अपमान प्रतिबंधक कायदा, १९७१ नुसार गुन्हा ठरू शकतो आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

ध्वज अधिकृतपणे पांघरला असेल तेव्हाही दोन गोष्टी पाळायच्या. केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला हवा. आणि ध्वज चितेवर जळता कामा नये, कबरीतही उतरवता कामा नये, अग्नी देण्यापूर्वी किंवा पुरण्यापूर्वी तो काढून घ्यायचा.

अधिकृत इतमाम नसेल तर काय करावे? त्यांची मेडल, रेजिमेंटची टोपी आणि वर्दीतला फोटो उशाशी ठेवता येतो. अंत्ययात्रेपुढे संघटनेचा फलक नेता येतो. मेडल मात्र चितेवर ठेवू नयेत, ती घरात जपावीत.

जागा : स्मशानभूमी, दफनभूमी की स्वतःचे शेत

दहन असो की दफन, गावाने ठरवून दिलेल्या जागी करावे. दफनाची रीत असलेल्या लिंगायत, नाथपंथी, मुस्लिम, ख्रिस्ती कुटुंबांनी समाजाच्या दफनभूमीच्या विश्वस्तांना किंवा पंचांना लवकर कळवावे.

पुष्कळ घरांत 'आबांची समाधी आपल्याच रानात बांधू' अशी इच्छा असते. रान वडिलोपार्जित असेल आणि सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतील तर आधी सर्वांची संमती घ्यावी आणि ग्रामपंचायत व तहसील कार्यालयाला विचारून लेखी परवानगी मिळवावी. दुःखाच्या दिवशी कोणी नको म्हणत नाही. पाच वर्षांनी वाटणी निघाली की त्याच समाधीवरून बांधाचा वाद होतो.

मृत्यू दाखला : सगळ्या कामांची किल्ली

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागते, वर्षाच्या आत वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि वर्ष उलटले तर मॅजिस्ट्रेटचा आदेश आणावा लागतो.

नोंद कुठे होते हे पुष्कळांना माहीत नसते. मृत्यू जेथे झाला तेथेच नोंद होते. घरी निधन झाले तर ग्रामपंचायतीत. साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या दवाखान्यात झाले तर तेथील नगरपालिका, महापालिका किंवा कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. अंत्यविधी गावात झाला म्हणून दाखला गावात मिळत नाही.

नोंद लिहून देताना पीपीओची झेरॉक्स समोर ठेवावी. मयताचे नाव, वडिलांचे नाव आणि पत्नीचे नाव पीपीओप्रमाणेच यायला हवे. गावात 'तात्या' किंवा 'बापू' म्हणून ओळख असेल, पण दाखल्यावर फौजेतले नाव हवे. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे. दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून ठेवाव्यात, प्रत्येक टेबलावर एक लागते.

पेन्शन आधी थांबवा, मग फॅमिली पेन्शन सुरू करा

मयताच्या खात्यावर निधनानंतरही एखाद-दुसऱ्या महिन्याची पेन्शन जमा होते. काही घरांत एटीएम कार्डाने ती काढली जाते. हे करू नये. निधनाच्या दिवसापर्यंतची पेन्शन मयताची आणि दुसऱ्या दिवसापासून पत्नीची फॅमिली पेन्शन, असा नियम आहे. त्याच्या नावावर आलेली जादा रक्कम पुढे वसूल होते आणि तोपर्यंत पत्नीचे प्रकरण अडकते.

संरक्षण खात्याच्या पेन्शनचे काम आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर चालते. तिचा कारभार प्रयागराज येथील पेन्शन कार्यालयाकडून होतो. निधनाची माहिती स्पर्श पोर्टलवर किंवा स्पर्श सेवा केंद्रात देता येते. ज्यांना मोबाइलवर हे जमत नाही त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन मदत मागावी. नेण्याचे कागद असे :

• मृत्यू दाखला
• पीपीओ आणि डिस्चार्ज बुक
• पत्नीचे आधार कार्ड आणि पॅन कार्ड
• पत्नीच्या बँक पासबुकाची प्रत किंवा रद्द केलेला चेक
• पत्नीचे फोटो
• पती-पत्नीचे माजी सैनिक ओळखपत्र, ईसीएचएस कार्ड

पत्नीचे नाव पीपीओवर आधीच असेल तर काम सरळ आहे. नसेल तर प्रकरण रेकॉर्ड ऑफिसमार्गे जाते. रेकॉर्ड ऑफिस म्हणजे सैनिकाची सगळी सेवानोंद सांभाळणारे कार्यालय. प्रत्येक रेजिमेंटचे ते वेगळे असते. आपल्या भागातील लोक ज्यात जास्त आहेत त्यांची ठिकाणे अशी : मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार रेजिमेंट मध्य प्रदेशातील सागर, बॉम्बे इंजिनिअर ग्रुप खडकी, तोफखाना नाशिक रोड कॅम्प, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री अहिल्यानगर, सिग्नल्स जबलपूर, ईएमई सिकंदराबाद, मेडिकल कोअर लखनौ. फौजेनंतर डीएससीत नोकरी केली असेल तर तिचे रेकॉर्ड केरळात कन्नूरला असते. नौदलातील नाविकांचे रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये आहे. पत्र पाठवताना वर सैनिक क्रमांक ठळक लिहावा आणि स्पीड पोस्टाची पावती जपावी.

फॅमिली पेन्शन किती मिळते

साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पात्र पगाराच्या ३० टक्के असते. मात्र पहिली काही वर्षे वाढीव दराने, म्हणजे ५० टक्के मिळते. निवृत्त सैनिकाच्या बाबतीत हा वाढीव दर निधनापासून ७ वर्षे, किंवा सैनिक हयात असता तर त्याला ज्या दिवशी ६७ वर्षे पूर्ण झाली असती तोपर्यंत, यांतील जे आधी येईल तोवर चालतो. वाढीव रक्कम सैनिकाला मिळणाऱ्या पेन्शनपेक्षा जास्त नसते. यावर महागाई सवलत वेगळी मिळते. मूळ फॅमिली पेन्शन ९,००० रुपयांपेक्षा कमी नसते.

समजण्यासाठी एक हिशेब. पात्र पगार ४०,००० रुपये धरला तर वाढीव दराने २०,००० आणि नंतर साध्या दराने १२,००० रुपये, अधिक महागाई सवलत. सैनिक ५० व्या वर्षी वारला तर वाढीव दर पुरी ७ वर्षे. ६३ व्या वर्षी वारला तर ४ वर्षे. ७० व्या वर्षी वारला तर सुरुवातीपासून साधा दर. काही वर्षांनी पेन्शन अचानक कमी झाली म्हणून पुष्कळ मावश्या बँकेत भांडायला जातात. ती चूक नसते, वाढीव मुदत संपलेली असते. हे आधी माहीत असेल तर घरखर्चाचे आणि मुलांच्या शिक्षणाचे गणित त्याप्रमाणे बसवता येते.

सेवेत असताना मृत्यू झाला तर वाढीव दर १० वर्षे असतो. युद्धात किंवा दहशतवाद्यांशी लढताना वीरमरण आले तर दर याहून बराच जास्त असतो. निवृत्त सैनिकाला सेवेतील जखमेमुळे किंवा आजारामुळे डिसॅबिलिटी पेन्शन सुरू होती आणि मृत्यूही त्याच कारणाने झाला असेल, तर दवाखान्याचे सगळे कागद जपून रेकॉर्ड ऑफिसकडे विशेष फॅमिली पेन्शनची विचारणा करावी.

पत्नीनंतर हक्क मुलांकडे जातो. २५ वर्षांखालील अविवाहित, न कमावते मूल पात्र असते. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी अटींत बसत असेल तर २५ नंतरही पात्र ठरते. दिव्यांग मुलाला किंवा मुलीला, स्वतःची उपजीविका करता येत नसेल तर, आयुष्यभर मिळते. मात्र त्या मुलाचे नाव आईवडील हयात असतानाच रेकॉर्डला लावून घेतलेले बरे. दिव्यांग प्रमाणपत्र काढा, रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा आणि पालक कोण हे ठरवून ठेवा. आईवडील दोघेही गेल्यावर त्या लेकराच्या बाजूने कागद घेऊन फिरणारे कोणी उरत नाही.

पहिली पत्नी हयात असताना, घटस्फोट न घेता दुसरे लग्न केले असेल तर हिंदू विवाह कायद्याने ते लग्न वैध नसते आणि त्या दुसऱ्या पत्नीला फॅमिली पेन्शन मिळत नाही. मुलांच्या हक्काचा प्रश्न वेगळा असतो. अशा घरांनी भांडत बसण्यापेक्षा वकिलाचा सल्ला घ्यावा.

सगळ्यात मोठी अडचण : बाईची दोन नावे

आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलायची पद्धत होती, अजूनही आहे. माहेरी शेवंता, सासरी लक्ष्मी. फौजी माणसाने भरती झाल्यावर जे नाव सांगितले ते रेकॉर्डला चढले. रेशन कार्डावर दुसरे, आधारवर तिसरे. कुठे 'बाई' लागले, कुठे नाही. जन्मतारीख तर बहुतेक वेळा अंदाजाने १ जून लिहिलेली. नवरा हयात असेपर्यंत याने काही बिघडत नाही. तो गेला की संगणक विचारतो, 'ही बाई कोण?'

दुरुस्तीचे काम सैनिक हयात असताना सर्वात सोपे असते, कारण अर्ज करणारा आणि सही करणारा तोच असतो. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणी दाखला, शाळेचा दाखला किंवा आधार, आणि नाव पूर्ण बदलले असल्यास राजपत्रातील नोंद, असे कागद लावून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज जातो. लग्नाची नोंदच केली नसेल तर ती ग्रामपंचायतीत आधी करून घ्यावी. सुधारित पीपीओ हातात आला की त्यावर पत्नीचे नाव आणि जन्मतारीख दोन्ही वाचून खात्री करावी.

सैनिक वारल्यानंतरही ही दुरुस्ती होते, पण वेळ लागतो, आणि तोवर घरात पैसा येत नाही.

तेराव्याची वाट पाहू नका

नवरा वारल्यावर बाईने घराबाहेर पडू नये, कार्यालयात तर नाहीच, असे अजूनही काही घरांत मानतात. मग कागद दीर किंवा मुलगा घेऊन फिरतो, बँकेला त्याचा मोबाइल नंबर लागतो आणि पेन्शन कधी किती आली हे तिला कळतच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. पेन्शनच्या कामात ही गोष्ट थेट लागू पडते. अंगठा तिचा, फोटो तिचा, हयातीचा दाखला तिचा. म्हणून खाते तिच्या नावावर, आधारला आणि बँकेला जोडलेला मोबाइलही तिच्याच हातातला असावा.

हयातीचा दाखला दर वर्षी एकदा द्यावा लागतो. जवळच्या आपले सरकार किंवा सीएससी केंद्रात बोटाच्या ठशावर किंवा चेहऱ्यावरून तो होतो. तो राहिला तर पेन्शन थांबते. 'स्पर्शमधून बोलतोय, ओटीपी सांगा, नाहीतर पेन्शन बंद' असे फोन येतात. ओटीपी कोणालाही सांगू नये, फोन ठेवून द्यावा आणि शंका असेल तर स्वतः कार्यालयात जाऊन विचारावे.

इतर कामे

ईसीएचएस : माजी सैनिकाच्या पत्नीचा उपचाराचा हक्क त्याच्या निधनाने संपत नाही. मयताचे कार्ड जमा करून पॉलिक्लिनिकमध्ये नोंद बदलून घ्यावी.

विधवा ओळखपत्र : जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून काढावे. सवलती, मुलांची शिष्यवृत्ती, सैनिकी मुला-मुलींच्या वसतिगृहातील प्रवेश यांसाठी ते लागते.

विमा : निवृत्तीवेळी आर्मी ग्रुप इन्शुरन्सचे वाढीव विमा प्रमाणपत्र मिळालेले असते. मुदत त्यावर लिहिलेली असते. मुदतीत निधन झाले असेल तर वारसाने दावा करावा. बँकेच्या डिफेन्स पगार-पेन्शन खात्यावर विमा आहे का हेही शाखेत विचारावे.

दुसरी नोकरी : फौजेनंतर एसटी, बँक, पोलीस किंवा अन्य सरकारी नोकरी केली असेल तर तिथल्या कुटुंब पेन्शन, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटीची वेगळी चौकशी करावी.

घरपट्टी : राज्यात माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना घरपट्टी माफीची योजना २०२० पासून आहे. ग्रामपंचायतीत ओळखपत्र दाखवून अर्ज द्यावा.

वारस नोंद : जमीन मयताच्या नावावर असेल तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची नोंद द्यावी. पत्नी आणि विवाहित मुलींची नावे वगळू नयेत, ती वगळली की पुढे फेरफार अडतो.

पेन्शन नसलेल्यांसाठी : कमी सेवेमुळे ज्यांना पेन्शन नाही अशा हवालदार किंवा त्याखालील पदाच्या ६५ वर्षांवरील गरजू माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मदत मिळते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ही मदत महिना ४,००० वरून ८,००० रुपये झाली आहे. मुलीच्या लग्नाची मदत ५०,००० वरून १ लाख रुपये आणि मुलांच्या शिक्षणाची मदत महिना १,००० वरून २,००० रुपये झाली आहे. अटी आहेत, अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच जातो.

पत्नी आधी वारली तर

या बाजूकडे कोणी लक्ष देत नाही. पत्नीचे निधन झाले तर माजी सैनिकानेही मृत्यू दाखला काढून स्पर्श, रेकॉर्ड ऑफिस आणि ईसीएचएसला कळवावे. नॉमिनी बदलावा. आता आपल्यामागे कोण, मुलगा लहान आहे का, दिव्यांग आहे का, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी घरी आहे का, हे पाहून त्यांची नावे रेकॉर्डला लावावीत. एकटा राहिलेला म्हातारा माणूस 'माझे काय आता' म्हणून हे सोडून देतो आणि अडचण मुलीला सोसावी लागते.

हयातीतच करून ठेवायचे

माजी सैनिकांनी एखाद्या रविवारी पत्नीला शेजारी बसवून ट्रंक उघडावी. पीपीओवर तिचे नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते पाहावे. डिस्चार्ज बुक, पीपीओ, विमा प्रमाणपत्र, विवाह दाखला यांच्या झेरॉक्सचा एक संच ट्रंकेत आणि एक मुलाकडे किंवा लेकीकडे ठेवावा. एका कागदावर मोठ्या अक्षरात सैनिक क्रमांक, रेजिमेंट, रेकॉर्ड ऑफिसचे गाव, बँक खात्याची शाखा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा फोन आणि जवळच्या एका विश्वासू फौजी मित्राचा फोन लिहून तो ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवावा. दहन की दफन, कुठे, मेडल कोणाकडे द्यायची, हेही त्यातच लिहावे.

निवृत्तीचे वय फौजेत लवकर येते, पण कागदांकडे पाहायचे राहून जाते ते सत्तरीपर्यंत. ट्रंकेची चावी कुठे असते एवढे जरी पत्नीला आज माहीत झाले, तरी तिच्या वाटेची निम्मी धावपळ कमी होईल.